बुधवारचा कर्णा

येत्या नाताळात मला पन्नास पूर्ण होतील.
पाळकसाहेब म्हणाले, एस्तेरबाई,
जुन्या काळी पन्नासावं वर्ष आलं की कर्णा वाजायचा,
योबेल म्हणायचे त्याला.
गहाण पडलेलं सुटायचं,
जो तो आपापल्या घरी परतायचा.
मी हो म्हणाले.
माझा कर्णा दर बुधवारी अकराला वाजतो,
गल्लीच्या तोंडाशी, मोटारसायकलचा.

आम्ही दहाजणी सतरंजीवर बसतो.
फायनान्सचा पोरगा यंत्रावर अंगठे घेतो,
घामाने ठसा उमटत नाही. तो म्हणतो, पुसा, मावशी.
मी त्याच टॉवेलला पुसते
ज्याची किनार रात्री शिवून झाली,
डझनाला चौदा रुपये.
एक अडली तर सगळ्या अडतात.
दहाजणींत ख्रिस्ती मी एकटीच,
पण त्या घटकेला दहाहीजणी
ओठ न हलवता एकच मागणं मागत असतात.

शमुवेल अक्कलकोट रोडच्या वळणावर घसरला,
मांडीत सळई घालावी लागली.
सळई होती तेवढीच आहे.
तिच्यावरचं व्याज वाढत्या अंगाचं निघालं.

रविवारी दानाची थैली फिरते.
मी मूठ मिटून आत घालते,
आत उघडते,
तशीच बाहेर काढते.
शेजारच्या सुलोचनाताईंना वाटतं, नोट पडली.
ज्याला तसं वाटत नाही
त्याने अजून काही विचारलेलं नाही.

मग प्रार्थना, सगळे उभे राहून.
मिशनच्या शाळेत बाई सांगायच्या,
इथे ऋण म्हणजे पाप बरं का, पैसे नव्हेत.
बाईंना कर्ज नसावं.
त्या शब्दापाशी माझा आवाज बसतो, हे खरं,
पण मी अडते त्याच्याही आधी,
एका बारक्या शब्दाशी:
जसे.
जसे आम्ही सोडले.

राजमणीकडे माझे चार हजार आहेत,
दोन वर्षं झाली.
तिच्या लेकीच्या बाळंतपणाला दिले होते.
तेव्हा माझ्याकडे चार हजार होते,
हेच आता खरं वाटत नाही.

गेल्या गुरुवारी मागायला गेले,
वाटभर वाक्य जुळवत.
ती पत्र्याखाली विड्या वळत होती,
मांडीवर सूप, बोटं आपापली चाललेली.
मला बघितलं
आणि बोटं थांबली.
एवढंच. ती थांबली.
ते थांबणं मी ओळखलं.
या दारात कर्णा मीच होते.

तिने पाणी दिलं,
कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाची चटणी.
जुळवलेलं वाक्य मी भाकरीबरोबर चावून गिळलं.
चार हजार सोडले असं नाही,
खोटं कशाला बोलू? जेरुशाची फी तोंडावर आहे.
म्हणाले, राजमणी, जमेल तसं दे,
पण मला बघून हात थांबवू नको.
ती तेलुगूत काहीतरी बोलली.
काय, ते विचारलं नाही.

परतताना ऊन डोक्यात जात होतं.
देवाशी थोडी भांडले:
तू सोडतोस तेव्हा सगळं सोडतोस,
तुला परवडतं.
मला एवढंच जमलं, दहा बोटांची भीती.
चिल्लर आहे. घे.

बुधवारी कर्णा वाजला.
माझ्या हप्त्यात पंचाहत्तर कमी होते.
मागून कुणीतरी सतरंजीखालून नोटा सरकवल्या,
मऊ पडलेल्या, तंबाखूचा वास असलेल्या.
मी वळून बघितलं नाही.
आमच्या गटात विड्या वळणाऱ्या तिघी आहेत,
आणि राजमणी त्यांच्यात नाही.

नाताळाला अजून सात महिने आहेत.
हप्ते त्याच्याही पुढे जातात,
मोजून झालंय माझं.